दिलं ते दिलं

बाळ शिंकलं, आणि शांतवन दोन पावलं मागे सरकला. मागे चर्चची भिंत होती म्हणून थांबला, नाहीतर तसाच सरकत सरकत कावळा नाक्यापर्यंत गेला असता.

"सर्दी हाय व्हय तिला?" त्याने मास्कच्या आतून विचारलं.

"लेकरू हाय, सर्दी व्हणारच की," अक्का म्हणाली. "तुला काय गिळती हाय काय ती?"

अक्का म्हणजे सुवार्ता, शांतवनची थोरली बहीण. बाळ तिच्या मुलाचं, विश्वजितचं, आईच्या खांद्यावर झोपेला आलेलं, नाकाखाली ओलं. सकाळी सगळं बिऱ्हाड कबनूरहून एसटीने आलं होतं. तिकडे काय चर्च नाही का, असं कुणी विचारलं की अक्का सांगायची, "माझा बाप्तिस्मा ह्या चर्चात झाला, पोराचा झाला, नातीचाबी हितंच व्हणार." आणि नातीचा धर्मबाप कोण, हेही तिने कुणाला न विचारता ठरवून टाकलं होतं. शांतवन.

धर्मबापाचं काम तसं मोठं नाही. आईच्या हातातून बाळ घ्यायचं, पाळकसाहेब विचारतील त्याला उत्तर द्यायचं, बाळाचं नाव सांगायचं आणि बाळ त्यांच्या हाती द्यायचं. एवढ्याने कुणाला घाम फुटू नये. शांतवनला भर जानेवारीत फुटला होता.

त्याला कारणही होतं. तीन वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या, आणि आता जी एक त्याच्या पोटात चालत होती ती अक्काची होती.

ऑपरेशननंतर डॉक्टरांनी सांगितलं होतं की गर्दीत जायचं नाही, मास्क लावायचा, सर्दी-खोकल्याच्या माणसापासून लांब राहायचं. या गोळ्यांनी अंगातली ताकद दबलेली असते, साधा तापही महागात पडू शकतो. ते सुरुवातीचे महिने गेले, वर्षं गेली. मग डॉक्टरच म्हणाले, "आता काळजी घेऊन नेहमीसारखं जगा. कामाला जा, चर्चला जा, चार लोकांत जेवा." शांतवनने त्यातलं 'काळजी घेऊन' एवढंच ऐकलं आणि घरी आला.

मुळात माणूस स्टोअरकीपर. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत त्याची सगळी नोकरी गेली. फाटका हातमोजा परत केल्याशिवाय नवा द्यायचा नाही आणि चिठ्ठी असल्याशिवाय साधा खिळाही बाहेर सोडायचा नाही, हा त्याचा बाणा. कामगार म्हणायचे, शांतवनरावांकडनं हातमोजा मागण्यापेक्षा हात भाजलेला परवडला. अशा माणसाला आयुष्यातली सगळ्यात मोठी वस्तू मिळाली ती बिनचिठ्ठीची. कुणी सही घेतली नाही, बदल्यात काही मागितलं नाही. बिचारा त्यानेच धास्तावला. ज्या वस्तूची नोंद नाही ती कधीही परत मागितली जाईल, आणि तेव्हा ती होती तशी दाखवता आली पाहिजे, असं काहीतरी त्याच्या डोक्यात बसलं होतं.

म्हणून तो ती किडनी वापरत नव्हता, राखत होता. रोज सकाळी गुडघे टेकून देवाला सांगायचा, काल पाणी वेळेवर प्यालो, बाहेरचं खाल्लं नाही, कुणाच्या फार जवळ गेलो नाही. देवाने यातलं काही विचारलं नव्हतं.

पूर्वी हाच माणूस चर्चच्या प्रीतिभोजनाला मटण शिजवायचा. उपासनेनंतर सगळी मंडळी एका पंगतीला बसायची, आणि शांतवनचा पांढरा रस्सा वाटीने पिऊन म्हातारे त्याला तोंडभर आशीर्वाद द्यायचे. आता ते काम मंडळीतल्या बाळासोकडे होतं आणि शांतवन आवारातल्या कडुलिंबाखाली खुर्ची टाकून घरून आणलेल्या डब्यातलं एकटा खायचा.

"डबा आणलाय, सॅनिटायझर आणलंय, पाण्याची बाटली आणलीया," त्याची बायको सुनंदा आज रिक्षातून उतरताना म्हणाली होती. "माणूस तेवढा आणायचा ऱ्हायला."

घंटा व्हायला अजून वेळ होता. शांतवनने अक्काला व्हरांड्याच्या टोकाला बोलावलं. सकाळपासून मनात घोळवलेलं एकदाचं बोलून टाकलं.

"अक्का, ऐक की. बाळाला सुनंदा घील. मी शेजारी उभा ऱ्हातो, उत्तरं समदी मी देतो."

"धर्मबाप तू का सुनंदा?"

"मग तेजस्वीच्या भावाला कर की. जवान हाय, धट्टाकट्टा हाय."

तेजस्वी म्हणजे अक्काची सून. अक्काने एकदा तिच्याकडे, एकदा बाळाकडे पाहिलं. मग शांतवनकडे पाहिलं, आणि तो नजर चुकवून चपलेच्या अंगठ्याकडे बघू लागला. गेल्या पावसाळ्यात अक्काला डेंगी झाला होता. इचलकरंजीच्या दवाखान्यात ती पडून होती तेव्हा शांतवनने सुनंदाच्या हाती शहाळी पाठवली होती. तो स्वतः एकदा गेला होता, पण समोरच्या फुटपाथवरूनच परत फिरला. डेंगी शिवून होत नाही हे त्यालाही ठाऊक होतं. पण दवाखाना म्हणजे बाकीचे शंभर रोग. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, अक्काने कधी विचारलं नव्हतं, आणि न विचारलेल्या त्या गोष्टीचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटायची.

"शांतू, मी तुला किडनी कशाला दिली?" अक्का म्हणाली.

"आसं काय इचारतीस?"

"सांग की. कपाटात ठिवायला दिली?"

"जपाय नको व्हय मग? तुझी हाय ती."

"माझी न्हाय आता. दिलं ते दिलं. मी काय परत मागाय आलोय व्हय?"

"आन् गेली तर?" शांतवनचा आवाज एकदम चढला. आवारातल्या दोघातिघांनी वळून पाहिलं, तसा तो खाली आला. "सर्दी झाली, ताप भरला, आन् गेली तर? तुला काय तोंड दाखवू मी?"

बोलून गेल्यावर त्याने मास्क डोळ्यांपर्यंत वर ओढला. मरणाला तो भीत होताच, कोण भीत नाही. पण त्याहून मोठी भीती ही होती की, आपल्या हातून ती वस्तू वाया जाईल आणि अक्कासमोर रिकाम्या हाताने उभं राहावं लागेल.

अक्काचा चेहरा मऊ झाला.

"आरं येड्या, डाक्टरनं मला आधीच सांगितलं हुतं. म्हणला, बाई, ही किती वर्सं चालंल सांगता येत न्हाय, लौकर बंदबी पडंल. मी म्हटलं, चालंल तवर चालंल. ठावं आसूनच दिली की. तू टिकवून दाखीवशील म्हणून दिल्याली न्हाय."

तिला आणखी काही म्हणायचं होतं, पण घंटा झाली.

शांतवन नेहमीप्रमाणे शेवटच्या बाकावर, खिडकीजवळ बसला. गीत झालं, वाचन झालं. पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले आणि देवाची प्रीती मोफत आहे, ती कमवावी लागत नाही, माणसाने फक्त भरल्या मनाने घ्यावी आणि भरल्या मनाने जगावं, असं सांगू लागले. शांतवन मान डोलवत होता. लहानपणापासून तो या वाक्याला मान डोलवत आला होता. आज मात्र मान मध्येच थांबली. आपण हे कधी खरं मानलंच नाही, असं त्याला वाटलं. मोफत म्हणतात, पण मागून चिठ्ठी येणारच, असं धरूनच आपण चाललो. देवाबरोबरही आणि अक्काबरोबरही. हे कळलं म्हणून भीती गेली असं मात्र झालं नाही. खिशातली सॅनिटायझरची बाटली काढून त्याने पुन्हा एकदा हात चोळले.

"बालिकेचे आईवडील आणि धर्मबाप यांनी पुढे यावं," पाळकसाहेब म्हणाले.

बाप्तिस्म्याच्या पात्राशी तो कसा पोचला हे त्याचं त्यालाच कळलं नाही. तेजस्वीने बाळ पुढे केलं. पांढरं झबलं, डोक्याला लेस लावलेली टोपी, आणि नाकातून आलेली ती धार थेट ओठापर्यंत. शांतवनने हात उचलायचा प्रयत्न केला. हात उचलेनात. सगळी मंडळी बघत होती. तेजस्वीचे हात तसेच पुढे, विश्वजितने मान खाली घातलेली, पाळकसाहेबांनी हळूच घसा खाकरला. सुनंदा बाकावरून अर्धी उठली.

तिच्या आधी अक्का उठून पुढे आली. चेहऱ्यावर राग नव्हता.

"आण हिकडं," ती सुनेला म्हणाली आणि बाळ घ्यायला वाकली. वाकता वाकता तिचा डावा हात आपोआप कुशीकडे गेला, तिथे घट्ट दाबला गेला. ओठ मिटले, श्वास थांबला. मग ती सरळ झाली आणि काही झालंच नाही असा चेहरा करून तिने दोन्ही हात पुढे केले.

बाकी कुणाच्या ते ध्यानात आलं नाही. शांतवनच्या आलं, कारण ती जागा त्याला माहीत होती. एक टाक्यांची खूण त्याच्या पोटावर होती, दुसरी अक्काच्या त्या कुशीत. गेली तीन वर्षं तो स्वतःचं दुखणं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. रिपोर्ट, गोळ्या, पथ्य, सगळं. ऑपरेशननंतर ही बाई पुन्हा कबनूरच्या मागाच्या कारखान्यात दिवसभर उभी राहून सुताच्या कांड्या भरायला लागली होती, आणि तिचं दुखतं का, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. भीतीने त्याच्या घरात एवढी जागा अडवली होती की अक्काला बसायला पाटसुद्धा उरला नव्हता.

"थांब, अक्का," तो म्हणाला.

आणि त्याने बाळ घेतलं. वाटलं होतं त्यापेक्षा ते जड होतं आणि गरम होतं. त्याच्या काळजात लक्कन हललं, ताप तर नाही हिला? पण ती झोपेतून उठलेल्या लेकराची ऊब होती. बाळाने त्याच्या शर्टाच्या कॉलरला मूठ घातली आणि घट्ट धरून ठेवली.

पाळकसाहेबांनी प्रश्न विचारले, त्याने उत्तरं दिली.

"बालिकेचं नाव सांगा."

मास्कच्या आतून काहीतरी पुटपुटल्यासारखं ऐकू आलं.

"जरा मोठ्याने सांगा."

शांतवनने एका हाताने बाळ सावरलं, दुसऱ्या हाताने मास्क हनुवटीखाली ओढला आणि म्हणाला, "शलोमी."

शलोमी त्याच्या गालावर सणसणीत शिंकली. पुढच्या बाकावरची पोरं फिसकन हसली, आणि मग मोठी माणसंही. या वेळी मागे भिंत नव्हती, वाट मोकळी होती. तो जागचा हलला नाही.

उपासना संपल्यावर आवारात पंगत बसली. बाळासो घामाघूम होऊन पातेल्याशी उभा होता. शांतवन डब्याची पिशवी घेऊन कडुलिंबाकडे निघालेला पाहून त्याने दरवेळेसारखी हाक मारली, "शांतवनराव, मीठ तेवढं बघा की!" दरवेळेसारखं उत्तर येणार नाही हे धरून तो पुन्हा ढवळायला लागला. शांतवन थांबला. पिशवी सुनंदाच्या हातात दिली आणि पातेल्याजवळ जाऊन तळहात पुढे केला. बाळासोने बघत बघत त्यावर थेंबभर रस्सा टाकला.

"मीठ हाय बरोबर. लसणाला काय म्हाग झाला व्हतास काय?" शांतवन म्हणाला आणि त्याच्या हातातला डाव घेतला.

त्याने सगळी पंगत वाढली. हात दुखले, कपाळावर घाम आला, आणि मध्ये मध्ये भीतीही येऊन गेली, हा घाम थकव्याचा की तापाचा. घरी गेल्यावर तो थर्मामीटर लावणार होता, वाफ घेणार होता, उद्या डॉक्टरांना फोनही करणार होता. तेवढ्याने तो सुधारणाऱ्यातला नव्हता. पण पातेल्याच्या तळाशी मोठी नळी दिसली तेव्हा त्याने ती अलगद डावावर घेतली आणि अक्काच्या ताटात नेऊन ठेवली. लहानपणी घरात मटण क्वचित शिजायचं, आणि नळी अक्काच्या वाटणीला आली तरी शेवटी त्याच्याच तोंडात जायची.

"आरं, तू खा की ही," अक्का सवयीने म्हणाली.

"न्हाय. तूच खा."

तिने नळीकडे पाहिलं. मग गुपचूप उचलली. शांतवन तिच्या शेजारी सतरंजीवर मांडी घालून बसला. किती दिवसांनी पंगतीत बसत होता कोण जाणे. शर्टावर खांद्याशी बाळाच्या नाकाचा डाग वाळून पांढरा झाला होता.

"अक्का," तो हळू म्हणाला. "तुझं दुखतं व्हय गं अजून? कुशीत?"

अक्का चोखता चोखता थांबली. "थंडीत जरा ठणकतं," ती म्हणाली. मग नळी ताटात ठेवून, "रातीचं जास्त." आणि तिने डोळ्यांना पदर लावला. तीन वर्षांत तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात खिशातला मोबाइल वाजला. दुपारच्या गोळीची वेळ झाली होती. त्याने पाकीट काढून गोळी तळहातावर घेतली आणि पाण्याच्या बाटलीसाठी इकडे तिकडे पाहिलं. बाटली आत बाकावरच राहिली होती. सुनंदा पंगतीच्या दुसऱ्या टोकाला होती.

अक्काने तिच्या ताटाशेजारचा पेला त्याच्याकडे सरकवला. अर्धा प्यालेला. काठावर तिच्या ओठाची खूण होती, तांबड्या रश्श्याची.

शांतवनने गोळी तोंडात टाकली आणि पेला ओठाला लावला. सगळं पाणी प्याला, आणि तिच्यासाठी पुन्हा भरून आणायला उठला.