खिडकीच्या गजाला बांधलेली खुर्ची

मित्रांनो, आधी बसा बघू. माझी गोष्ट उभ्याउभ्या ऐकायची नाही, आणि खुर्चीसमोर कुणी ताटकळत उभं राहिलं की मला अपमान झाल्यासारखा वाटतो. मी एक झुलती खुर्ची आहे. महोगनीच्या लाकडाची, ताडपानांच्या विणीची, आणि आता जुनी. आमच्या डोमिनिकन मुलखात झुलत्या खुर्च्या जोडीनं करतात. बानी गावच्या एलिहिओ मेस्त्रींनी एकाच ओंडक्यातून आम्हा दोघी बहिणींना घडवलं.

मेस्त्री तोंडाचे फटकळ. आम्हाला पोचवायला आले तेव्हा त्यांनी बजावलं, "शोभेला ठेवू नका हं. रोज बसा. बसून वीण सैल झाली तर मी ओढून देईन. न बसता वाळली तर कट्‌कन तुटते. मग माझ्या दारात येऊन रडायचं नाही."

आम्ही लग्नाचा आहेर होतो. दोन्या कासिल्दांनी आपल्या एकुलत्या एका लेकाला, रादामेसला, दिलेला. दोन्या म्हणजे मानाची बाई, पण या दोन्याला मान मागावा लागत नसे, तो लोक घाबरून आधीच देत. रादामेस मोटारसायकली दुरुस्त करायचा. त्याची बायको नूरिस केस सरळ करून देण्याच्या दुकानात कामाला होती. दुपारी तीनच्या सुमारास दोघं ओसरीवर कॉफी घेऊन बसत. माझी बहीण नूरिसची, मी रादामेसची. तो असा जोरात झुलायचा की माझे सांधे कुरकुरत.

"अरे, खुर्ची आहे ती, मोटारसायकल नव्हे!" नूरिस ओरडायची.

"मग हॉर्न कुठाय हिचा?" असं म्हणून तो माझ्या हातावर थाप मारायचा. ती थाप मला फार आवडायची.

मग अमेरिकेत बोस्टनला राहणाऱ्या त्याच्या काकांनी त्याला तिकडच्या एका गॅरेजात काम मिळवून दिलं. जाताना तो नूरिसला म्हणाला, "आंब्याचा पुढचा मोसम संपायच्या आत तुला बोलावतो." आमच्या अंगणात आंब्याचं झाड आहे. तो मोसम संपला, पुढचाही संपला. मला कागदपत्रांतलं काही कळत नाही, मी लाकूड आहे, पण ओसरीवर इतकं बोलणं झालं की मलाही पाठ झालं. तिथं कायम राहण्याचा कागद हातात पडेपर्यंत रादामेसला तो देश सोडता येत नव्हता. सोडला तर सगळा अर्ज बाद. आणि त्याचा कागद आल्याशिवाय नूरिसचा कागद हलत नव्हता. ना त्याला येता येई, ना तिला जाता येई.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. रिकामी खुर्ची झुलू द्यायची नाही. झुलली तर त्या घरात मरण येतं म्हणतात. आणि परगावी गेलेल्या माणसाच्या खुर्चीवर दुसऱ्या कुणी बसायचं नाही, ती त्याची जागा. दोन्या कासिल्दा शेजारच्याच घरात राहायच्या. लेक गेला त्याच संध्याकाळी त्या सुतळी घेऊन आल्या आणि माझा हात त्यांनी खिडकीच्या गजाला घट्ट बांधला. समुद्रावरचं वारं सुटलं तरी मी हलणार नाही अशी तजवीज केली.

मित्रांनो, झुलत्या खुर्चीला बांधून ठेवणं म्हणजे काय, ते मीच जाणे. रोज सकाळी मला पुसत. येणारेजाणारे मला वळसा घालून जात आणि म्हणत, "ही रादामेसची!" सगळे मान देत होते, आणि बसत कुणी नव्हतं. नूरिसचंही तसंच होतं. लोक तिला विचारत, "कागद आला का गं?" तिनं मान हलवली की पुढं निघून जात. तिच्याजवळ बसायचं म्हणजे माझ्यावर बसावं लागणार, म्हणून कुणी टेकत नसे.

पहिल्या वर्षी ती खूप रडली. घर खायला उठतं म्हणून जेवणाचं ताटही ओसरीवर आणायची आणि तसंच परत न्यायची. मग तिनं एक युक्ती काढली. दुपारी रादामेसची जेवणाची सुट्टी असे. तेव्हा ती सुतळी सोडायची, फोन माझ्या पाठीला टेकवून ठेवायची आणि माझ्या हातावर त्याच्या नावाची कॉफी. फोनमध्ये त्याचं तोंड दिसायचं. पायाच्या अंगठ्यानं ती मला हळूहळू झुलवायची.

दोन्या कासिल्दांनी ते पाहिलं आणि कंबरेवर हात ठेवून बराच विचार केला.

"तोंड दिसतंय ना त्याचं? मग माणूस आहे. झुलव. पण हळू, डोकं गरगरेल त्याचं."

"आई, मी बोस्टनला आहे, खुर्चीत नाही," फोनमधून रादामेस हसला.

"तू गप्प बस. कुठं आहेस ते मला नको शिकवू."

फोन बंद झाला की नूरिस त्याचीही कॉफी पिऊन टाकायची आणि मला पुन्हा बांधायची. ते दिवस त्यातल्या त्यात बरे होते. पण माणसाचं मन फोनवर किती दिवस भागणार? त्याला रात्रपाळी लागली. तो बोलता बोलता पेंगू लागला. दोघांकडं सांगायला नवीन काही उरलं नाही. "जेवलास?" "जेवलो." "थंडी?" "आहे." मग दोघंही गप्प. मी त्या दोघांच्या मधली, मला ते सहन होत नसे.

आणि समोरच्या दोन्या बेल्हिका! त्यांच्या जिभेला हाड नाही. एका सकाळी कुंपणावरून म्हणाल्या, "नूरिस, वाईट वाटून घेऊ नकोस हं, पण बोस्टनच्या थंडीत पुरुष एकटे झोपत नाहीत बाई. माझ्या भाच्याचंच बघ ना!"

नूरिस हसली. हसली खरी, पण अंगाचा तिळपापड झाला होता. दुपारी रादामेसनं सांगितलं, अर्ज पुन्हा मागं आलाय, आणखी एक दाखला हवाय. नाताळला काही जमणार नाही.

"तिथं कुणी आहे का तुझं?" तिनं एकदम विचारलं.

त्यानं फोन तोंडाजवळ आणला. डोळे लाल होते, रात्रपाळीचे की कशाचे, कुणास ठाऊक. मग म्हणाला, "तुला जे वाटतं ते समज," आणि फोन बंद झाला.

नूरिसनं फोन उचलून झग्याच्या खिशात कोंबला. आणि मला, रिकाम्या मला, तिनं लाथ घातली. जीव खाऊन. "जा! मर तिकडंच!" ती ओरडली. मी मागं गेले, पुढं आले, पुन्हा मागं गेले. खोटं कशाला बोलू, मित्रांनो, मला फार बरं वाटलं. किती दिवसांनी मी पोटभर झुलत होते. मग तिचा चेहरा बघितला. आपण काय केलं ते तिला कळलं होतं. ती मला थांबवायला धावली, पण माझा हात काही तिच्या हाती लागेना.

दोन्या कासिल्दा अंगणाच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. मला वाटलं, झालं, आता ओसरीवर महाभारत. त्या तरातरा आल्या, आणि मी झुलत असतानाच धप्पकन माझ्यावर बसल्या. माझ्या वाळलेल्या विणीतली एक पट्टी कट्‌कन तुटली.

"आता नाही रिकामी," त्या म्हणाल्या.

"दोन्या कासिल्दा, उठा! उठा तिथून! जे यायचं ते तुमच्यावर येईल," नूरिस त्यांचा हात ओढत रडू लागली.

"येऊ दे. मी बसलेय ना. तू कॉफी टाक. आणि साखर बेताची घाल, तुझ्या कॉफीत चमचा उभा राहतो."

त्या दिवसापासून त्या रोज दुपारी माझ्यावर बसायला येऊ लागल्या. रीत पाळायला लावणारीनंच रीत मोडली, म्हणून गल्लीत कुजबूज झाली, पण त्यांच्या तोंडावर बोलायची कुणाची छाती! फोन आता त्यांच्या मांडीवर असायचा. रादामेसनं दुसऱ्याच दिवशी माफी मागितली होती, नूरिसनंही. सासूसुना भांडायच्या, हसायच्या, कधी दोघी मिळून रडायच्या. एलिहिओ मेस्त्री येऊन माझी तुटलेली पट्टी बदलून गेले. नूरिस पोटभर जेवू लागली. आणि ती सुतळी कुठं गेली ते मला माहीत नाही.

आंब्याला मोहोर आला तेव्हा दोन्या कासिल्दा गेल्या. सकाळी परसात कोंबड्यांना दाणे टाकत होत्या, तिथंच बसल्या, त्या उठल्याच नाहीत.

नूरिसचं रडणं बायकांना वेगळं वाटलं. मला वाटलं नाही. मला माहीत होतं ती काय समजून रडतेय.

रादामेसला निघता येत नव्हतं. निघाला असता तर चार वर्षं पाण्यात, आणि नूरिसही तशीच अडकून. तो फोनवर म्हणाला, "मी येतो. जाऊ दे तो कागद." नूरिसनंच त्याला अडवलं. "तुझी आई ज्याची वाट बघत होती, ते तू आता टाकून देणार?" असं म्हणाली आणि तोंडात रुमाल कोंबला.

आमच्याकडं मयतानंतर नऊ दिवस प्रार्थना असते. घरोघरच्या खुर्च्या मागून आणतात, आल्याचा चहा फिरतो. नूरिसनं मला आत नेलं, दोन्या कासिल्दांच्या तसबिरीसमोर ठेवलं आणि माझ्या पाठीला फोन टेकवला. एक लांबचे काका थकूनभागून आले आणि बसायला माझ्याकडं वळले.

"अहो, तिथं नको! तिथं रादामेस बसलाय!" नूरिस किंचाळली.

काकांनी फोनकडं पाहिलं. टोपी काढली. "माफ कर पोरा," असं फोनला म्हणून ते भिंतीशी उभे राहिले. प्रार्थना चालू असेपर्यंत नूरिस माझा हात धरून मला हलकेच झुलवत राहिली, लेकराला थोपटतात तशी.

नवव्या दिवशी लोक गेल्यावर तिनं ते सांगून टाकलं. "मी तुझी खुर्ची झुलवली होती. रिकामी. लाथ मारून. आणि त्या येऊन बसल्या. माझ्यामुळं गेल्या त्या, रादामेस."

फोनमध्ये तो नाक पुसत होता. म्हणाला, "मला माहीत आहे. आईनं त्याच दिवशी फोन केला होता."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाली, 'बाळा, तुझी बायको रोज ती खुर्ची पुसायची, बांधायची, तोंडातून शब्द नाही. मला भीती वाटत होती. आज तिनं लाथ मारली. म्हणजे अजून तुझ्यावर चिडते. अजून तुझी आहे. घाई कर रे.'" आणि मग तो लहान मुलासारखा ओक्साबोक्शी रडला. "मी घाई करतोय गं, नूरिस. मला येता येत नाहीये."

नूरिसनं फोन उचलला आणि पोटाशी धरला. 

दुसऱ्या दिवशी तीन वाजता तिनं फोन माझ्या बहिणीवर ठेवला आणि ती स्वतः माझ्यावर येऊन बसली. पहिल्यांदाच. किती हलकी झाली होती! "इथून रस्ता दिसतो रे," ती त्याला म्हणाली. "तू कायम इथं का बसायचास, ते आज कळलं."

मित्रांनो, त्यालाही आता आंब्याचा एक मोसम होऊन गेला. कागद अजून आलेला नाही. दुपार झाली की नूरिस फाटक उघडं टाकते. मध्ये एकदा दोन्या बेल्हिका अवघडल्यासारख्या आल्या, आंब्यांची टोपली हातात, आणि बसायला जागा शोधू लागल्या. नूरिस उठली आणि त्यांना माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "बसा."

तुमच्याही गल्लीत असं एखादं घर असेल, जिथलं एक माणूस दूर अडकलंय आणि एक इथं वाट बघतंय. तिथल्या रिकाम्या खुर्चीला वळसा घालून जाऊ नका. कागद आला का, असं दारातूनच विचारून पुढं जाऊ नका. झिजायची मला भीती नाही, माझी वीण मेस्त्री ओढून देतात. दोन्या कासिल्दांसारखं या, आणि धप्पकन बसा.