जाळी दिसली की काढा

चष्मेवाल्याला लहानपणापासून अळीची किळस होती. साप चालला असता, विंचूही एक वेळ चालला असता. त्यांना निदान काही आकार असतो, रुबाब असतो. अळी म्हणजे नुसतं पोट, आणि त्या पोटाला फुटलेले पाय. कोबी चिरताना एखादी निघाली की तो स्वयंपाकघरातून उठून आपल्या चष्म्यांच्या दुकानात जाऊन बसे आणि आधीच लख्ख असलेल्या काचा पुन्हा पुसत राही. अशा माणसाची बायको किड्यांची डॉक्टर निघाली. गिऱ्हाइकांनी विचारलं तर तो सांगे, डॉक्टर म्हणजे किड्यांना बरं करणारी नव्हे, त्यांची खोड मोडणारी.

ती तेलबियांच्या संशोधन केंद्रात होती. यंदा तिने आपल्या वडिलांच्या भुईमुगाच्या शेताला चारही बाजूंनी एरंडाची एकेक ओळ लावली होती. पानं खाणाऱ्या अळीची आई म्हणजे एक मातकट पतंग. तिला भुईमुगापेक्षा एरंडाचं रुंद पान आवडतं, म्हणून ती अंडी तिथेच घालते. अंडी फुटली की पिल्लं सुरुवातीला पांगत नाहीत. एकाच पानाला चिकटून त्यातला हिरवा गर खरवडत बसतात आणि पानाची जाळी होते. तेवढं पान खुडायचं आणि साबणाच्या पाण्यात बुडवायचं. भुईमुगावर विष मारायला नको, आणि विष नाही म्हणजे अळ्या खाणारे दुसरे किडेही जगतात. ‘पाहुण्यांना ओसरीवरच वाढायचं,’ ती म्हणायची, ‘म्हणजे ते आत येत नाहीत.’

सासरेबुवांना हे काही पटलेलं नव्हतं. लेकीच्या शब्दाखातर त्यांनी शेत दिलं, पण एका अटीवर. आतल्या ओळींत अळी दिसली की दुसऱ्या दिवशी पंप पाठीवर. पंप धुऊन दाराशी उभा करून ठेवलेलाच होता. आणि एकदा फवारणी झाली की तिचा प्रयोग बाद. केंद्रातल्या साहेबांनी तिला हा एकच हंगाम दिला होता. पुढच्या वर्षी हे काम गुंडाळायचं की वाढवायचं, ते या शेतावर ठरणार होतं.

नेमक्या अंडी फुटायच्या आठवड्यात तिला केंद्रात बैठका लागल्या. सासरेबुवांचा गुडघा सुजला होता, त्यांना बांधावरून फिरवेना. चष्मेवाल्याचं दुकान रंगकामासाठी बंद होतं. मग काय, राखणीला जावई आले.

पहिल्याच दिवशी सासरेबुवा काठी टेकत अंगणाजवळच्या एरंडापर्यंत आले आणि त्यांनी एक पान उलटून दाखवलं. खालच्या बाजूला जुन्या घोंगडीच्या लवेसारखा तपकिरी गोळा होता. ती अंडी. शेजारच्या पानावर फुटलेली पिल्लं वळवळत होती, इतकी दाट की पानालाच कंप सुटल्यासारखं वाटावं. सासरेबुवांनी अंगठा आणि बोट यांच्यामध्ये ती चिरडली, बोटं पायजम्याला पुसली आणि त्याच बोटांनी खिशातल्या पुड्यातलं बिस्कीट काढून पुढे केलं. म्हणाले, ‘घ्या जावईबापू. खुसखुशीत आहे.’

जावईबापूंनी हात मागे घेतला. पोट जड आहे म्हणून त्यांनी वेळ मारून नेली.

त्यानंतर तो रोज सकाळी बादली घेऊन निघायचा आणि रोज रिकामी बादली घेऊन परत यायचा. एकदा त्याने चष्म्याचे स्क्रू बसवायचा बारीक चिमटा वापरून पाहिला. धरलेली अळी गुंडाळली गेली आणि तिने तोंडातून हिरवट थेंब सोडला. थेंब चिमट्यावरून घरंगळत त्याच्या नखापर्यंत आला. त्याने चिमटा गवतात टाकला तो टाकलाच. हात इतके घासले की सासरेबुवांनी साबण उचलून आपल्या उशाशी ठेवला.

पानं रोज झिरझिरीत होत गेली. अळ्या बोटाच्या पेरापेराएवढ्या झाल्या. पानांवर त्यांची काळी लेंडी पडायची, वारा आला की ती टपटप खाली यायची, आणि जेवताना ताटातल्या तिळाकडे बघितलं तरी त्याला तेच आठवायचं.

बायकोचा फोन आला तेव्हा त्याने मोघम सांगितलं, की एरंडावर जाळी दिसतेय.

‘दिसली? मग काढा ना लगेच. वाट कसली बघताय?’

फोन खरखरत होता. काय काढू, असं विचारता आलं असतं. त्याने विचारलं नाही. पान काढायचं म्हणजे हात लावायचा. एरंड काढायचा म्हणजे कोयता, आणि सासऱ्यांच्या कोयत्याला लांब दांडा होता. दोन्हींना मराठीत काढणंच म्हणतात, अशी त्याने मनाची समजूत घातली. अर्थ सोयीचा निघाला की माणूस व्याकरणात फार खोल जात नाही.

दुपारपर्यंत त्याने तीन बाजूंचा एरंड आडवा केला. विहिरीकडची बाजू तेवढी उरली, कारण हाताला फोड आले. मग त्याने डोक्यावरून पाणी घेतलं, स्वच्छ सदरा घातला आणि कित्येक दिवसांनी पोटभर जेवला.

सूर्य कलताना ती बसमधून उतरून थेट बांधावर आली. तिला पाहून तो हसत पुढे गेला, पण ती खाली बघत होती. कापलेल्या एरंडाची पानं उन्हाने मलूल होऊन लोंबत होती, आणि त्यांच्याखालची जमीन हलत होती. मळकट, काळसर पट्ट्यांच्या अळ्या पोट ओढत, एकमेकींवरून चढत, सगळ्या एकाच दिशेला निघाल्या होत्या. भुईमुगाच्या पहिल्या ओळीतल्या पानांच्या कडा आत्ताच कुरतडलेल्या होत्या. एक अळी त्याच्या चपलेवरून अंगठ्यावर चढत होती. पाय झटकायचंही त्याला भान राहिलं नाही.

‘अहो, हे काय करून ठेवलंत?’

‘तूच म्हणालीस ना, काढा.’

‘पान काढा म्हटलं मी. पान.’ ती ओरडली नाही, हेच त्याला जास्त लागलं. ‘ताट उचललंत त्यांच्यापुढचं. आता भुकेल्या कुठे जाणार त्या?’

ओसरीवरून सासरेबुवांना सगळं ऐकू येत होतं. त्यांनी एवढंच विचारलं, की सकाळी पंप भरायचा ना. ‘आधी आतल्या ओळी बघा, मग भरा,’ एवढी मुदत तिने बापाकडे मागून घेतली.

मग तिने पदर खोचला आणि कुदळ त्याच्या हातात दिली. कापलेला एरंड आणि भुईमूग यांच्यामध्ये उभ्या कडांचा चर खणायचा होता, कडांवर भुसभुशीत माती, म्हणजे चढताना अळीचे पाय घसरावेत. अळ्या अंधारात खातात आणि उजाडायला लागलं की उन्हापासून लपायला जागा शोधतात, हे ती खणता खणता सांगत होती. विहिरीकडच्या एरंडाची ताजी पानं खुडून तिने ती चरात पसरली. रात्री जेवण, सकाळी पांघरूण. तो फुटलेल्या फोडांनी खणत राहिला.

उजाडताच तिने पहिलं पान उचललं. खाली चरभर अळ्या होत्या. गार, लिबलिबीत, एकीत एक गुंतलेल्या, जणू कुणाची आतडी काढून ठेवली आहेत. हातमोज्यांचा एकच जोड होता, तोही तिच्या मापाचा. त्याने बादलीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि डोळे मिटून हात खाली घातला. मुठीत काहीतरी वळलं, फुटलं, ओलं झालं. त्याने मूठ साबणाच्या पाण्यात सोडली, बाजूला जाऊन ओकला, तोंड पुसायला हात उचलला, हाताकडे पाहून पुन्हा ओकला, आणि परत येऊन बसला. तिने फक्त बादली त्याच्याजवळ सरकवली.

सासरेबुवा पाठीवर पंप घेऊन आले ते दोघांकडे न बघता भुईमुगात शिरले. सुजलेला गुडघा धरून वाकत त्यांनी आतल्या ओळींतली पानं उलटली. बराच वेळ उलटत होते. बांधालगतच्या दोन ओळी खाल्लेल्या होत्या, पण अट आतल्या ओळींची होती. दोघंही चरात गुडघ्यांवर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

‘आत काही नाही,’ ते म्हणाले. ‘पण उद्या दिसली तर मी ऐकणार नाही हो, पोरी.’

पंप उतरवून त्यांनी बांधावर ठेवला, खिशातून पुडा काढला आणि जावयापुढे बिस्कीट धरलं. चष्मेवाल्याने ते हिरव्या बोटांनी घेतलं, नाइलाजाने घेतलं, आणि सासऱ्यांची पाठ वळताच चरात टाकून दिलं. हात धुवावेत म्हणून तो विहिरीकडे निघाला. वाटेत उभ्या एरंडाच्या एका पानातून सकाळचं आभाळ दिसत होतं, चाळणीतून दिसावं तसं. तो थांबला. त्याने देठाला हात घातला.

‘जावईबापू,’ मागून सासरेबुवांचा आवाज आला, ‘पान काढताय की झाड?’