अर्लीनबाई मेल्यावरही बिल भरत होत्या

मी एक जुनं क्रेडिट कार्ड आहे. खरं सांगायचं तर कार्डाचा चौथा हिस्सा आहे. माझे बाकीचे तीन तुकडे अमेरिकेतल्या टोलेडो शहरातल्या तीन वेगवेगळ्या कचरापेट्यांत गेले आणि मी एका कुंडीत, मातीत कमरेपर्यंत रोवलेला उभा आहे. माझ्यावर उठावदार अक्षरांत एवढंच उरलंय : 'अर्लीन'. येणारीजाणारी माणसं समजतात, झाडाचं नाव असेल. समजू देत बापडी. मित्रांनो, तुम्हाला मात्र खरं काय ते सांगतो.

माझा जन्म १९८९ सालचा. म्हणजे माझ्या नंबराचा. आमच्या जातीचं एक विचित्र असतं. दर चार वर्षांनी बँक टपालाने नवं शरीर पाठवते, जुन्यावर कात्री चालते आणि नंबर उठून नव्या शरीरात जाऊन बसतो. अशी आठ शरीरं मी टाकली. मालकीण मात्र एकच, अर्लीन डोब्रोस्की. बाई काचेच्या कारखान्यात बाटल्या तपासायच्या. बाटली उजेडासमोर धरून केसाएवढा तडा हेरायच्या. घरीही तीच नजर. बिलाचं पाकीट आलं की अंगातला कोट उतरवायच्या आधी चेक लिहून मोकळ्या. चौतीस वर्षांत एका दिवसाचा उशीर नाही.

आणि मला ठेवायच्या कुठे? बर्फात. कॉफीच्या रिकाम्या डब्यात पाणी भरायचं, त्यात मला सोडायचं आणि डबा फ्रीझरमध्ये ढकलायचा. काही घ्यावंसं वाटलं की डबा ओट्यावर काढून ठेवायच्या. मी मोकळा व्हायला सहा तास लागायचे. तेवढ्या वेळात निम्म्या हौशी आपोआप उतरतात, असं त्यांचं म्हणणं. सहा तासांनीही हवीशी वाटली तर ती वस्तू घ्यायच्या. बर्फातून मला दिसायचं नाही, पण ऐकू सगळं यायचं. त्या स्वयंपाकघरात जे जे बोललं गेलं ते माझ्याजवळ गोठून राहिलंय.

आता पत म्हणजे काय ते थोडक्यात सांगून टाकतो. कुठेतरी लांब तीन कंपन्या बसलेल्या असतात. त्यांनी तुमचं तोंडही पाहिलेलं नसतं. त्या माणसाला तीनशेपासून साडेआठशेपर्यंतचा एक आकडा लावतात. बिल वेळेवर भरलं का, उधारीची जेवढी मुभा होती तिच्यातली किती वापरली, खातं किती जुनं आहे, मुख्य म्हणजे एवढंच बघतात. माणूस भला की बुरा याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. अर्लीनबाईंना बारा हजार डॉलरची मुभा होती आणि त्या महिन्याला चाळीस वापरायच्या. त्यांचा आकडा आठशेच्या वर होता. फुशारकी मारत नाही, पण त्या आकड्यात माझं वय होतं.

त्यांची मुलगी मार्नी अगदी उलट स्वभावाची. दिलदार आणि घाईची. तिने कुत्र्यांना न्हाऊमाखू घालायचं दुकान काढलं आणि ते पाच कार्डांवर चालवलं. एकाचं बिल दुसऱ्यावर, दुसऱ्याचं तिसऱ्यावर. याची टोपी त्याला, त्याची याला. शेवटी टोप्या संपल्या. कोर्टाने नेमलेल्या माणसापुढे दहा मिनिटं बसून चाळीस प्रश्नांना 'हो' म्हणाली आणि रीतसर दिवाळखोर ठरली. आकडा चारशे अठ्ठ्याण्णव. चव्वेचाळिसाव्या वर्षी दोन बॅगा आणि कुत्र्यांचे केस वाळवायचं एक यंत्र घेऊन ती आईच्या घरी परतली.

घर भाड्याचं होतं. निम्म्यात मायलेकी, निम्म्यात मालक झिगीकाका. अर्लीनबाईंनी मुलीला बोल लावला नाही. बँकेला फोन करून माझ्या खात्याला तिचं नाव जोडलं, म्हणजे माझं वय आणि माझी शिस्त थोडी तिच्याही नावाला लागेल. तिच्या नावाचं नवंकोरं कार्ड टपालाने आलं, माझा जुळा भाऊच तो. बाईंनी पाकीट फोडलं आणि तिच्यासमोर त्याचे चार तुकडे केले.

"नाव तुझं लावलंय," त्या म्हणाल्या. "कार्ड माझंच आहे. माझ्या नावाला टेकून उभी राहा. पण कायमची टेकून बसू नकोस गं."

मार्नीने स्वतःचंही एक छोटं कार्ड घेतलं. बँकेने तीनशे डॉलर आधी ठेवून घेतले आणि तेवढीच मुभा दिली. दिवाळखोरीनंतर आणखी कोण देणार? ती त्यावर महिन्यातून एकदा गाडीत पेट्रोल भरायची आणि बिल आलं की त्याच दिवशी फेडायची. मला त्या पोराचं हसू यायचं. तीनशे डॉलरचं कार्ड! चूक माझी होती. ते निमूटपणे आपलं काम करत होतं.

पहिलं वर्ष सरत आलं आणि जानेवारीत अर्लीनबाई गेल्या. दारातला बर्फ फावड्याने ओढता ओढता खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. मी फ्रीझरमध्ये होतो. नुसते धावणारे पाय ऐकू आले.

दफन झालं, माणसं गेली, तेव्हा झिगीकाका स्वयंपाकघरात येऊन बसला. त्याला घर विकून फ्लोरिडाला जायचं होतं. मार्नी या घरात वाढलेली म्हणून पहिला हक्क तिचा, पण पुढल्या फेब्रुवारीअखेरपर्यंतच थांबेन, असं त्याने सांगितलं. मार्नीने पतपेढीत चौकशी केली. तिथल्या जेरिलिनबाईंनी दोन अटी सांगितल्या. दिवाळखोरीला दोन वर्षं पुरी व्हायला हवीत, ती पुढल्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला होत होती. आणि आकडा सहाशे वीसच्या खाली चालणार नाही. तेव्हा तो पाचशे एकाहत्तर होता.

आई वारली हे बँकेला कळवलं की माझं खातं बंद होणार, चौतीस वर्षांचं वय पुसलं जाणार, आकडा कोसळणार आणि घर हातचं जाणार. मार्नीने कळवलं नाही.

मित्रांनो, इथून पुढचं सांगताना अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. खातं निपचित पडलं तर बँकेला शंका येते, म्हणून दर महिन्याच्या दहा तारखेला डबा बाहेर निघायचा. मला खिशात घालून मार्नी दुकानात जायची आणि जिथे आपलं आपण बिल करतात त्या यंत्रापुढे उभी राहायची. आईसारखीच खरेदी दिसावी म्हणून आईच्याच वस्तू घ्यायची. मेलेल्या अर्लीनबाईंनी फेब्रुवारीत काळ्या ज्येष्ठमधाच्या गोळ्या घेतल्या. मार्चमध्ये हाताला लावायचं क्रीम. एप्रिलमध्ये पुन्हा गोळ्या. मार्नीला त्या गोळ्यांचा वासही सहन व्हायचा नाही. पाकिटं कपाटात साठत गेली. जूनच्या सुमारास मला बर्फातून त्या चघळल्याचा आवाज येऊ लागला.

आईचा टेलिफोन बंद करताना तिने माझ्या खात्यावर आपला मोबाइल नंबर घातला. ईमेलही आपला दिला. बँकेची पत्रं येत राहिली. 'प्रिय अर्लीन, आमच्यावरच्या विश्वासाबद्दल आभार.' मग उधारीची मुभा पंधरा हजारांवर नेली. बाई जिवंतपणी कधी एवढ्या भराभर चढल्या नव्हत्या. बँकेतून कुणी फोन करून अर्लीन आहेत का असं विचारलं की मार्नी म्हणायची, "बोलतेय." पहिल्यांदा तिचा आवाज कापला. चौथ्या वेळी नाही कापला. उन्हाळ्यात ती आईचा स्वेटर घालून हिंडू लागली. डब्याचं झाकण निघून वरून हात आत यायचा तेव्हा तो कुणाचा, हे मला क्षणभर कळायचं नाही. मायेने अंग शहारायचं आणि भीतीनेही.

नोव्हेंबरात तिचा आकडा सहाशे अडतीस झाला होता. एका दुपारी ती बटाटे सोलत होती आणि फोन वाजला. बँकेतली मुलगी होती. मार्नीने फोन ओट्यावर ठेवून स्पीकर लावला. मिशिगनमधल्या एका बागेच्या दुकानात अडतीस डॉलरची खरेदी दिसतेय, ती आपणच केली का, असं ती मुलगी विचारत होती.

सोलणं थांबलं. फ्रीझरचं दार उघडलं, डबा खडखडला, झाकण निघालं. मी जागेवरच होतो. बर्फाला चरासुद्धा नव्हता. मार्नीने बर्फावर नख घासून पाहिलं. मीही घाबरलो. मी हललो नव्हतो, ती कुठे गेली नव्हती. मग ही खरेदी केली कुणी?

"भेट म्हणून पाठवलेली दिसतेय," ती मुलगी म्हणाली. "लाल लिलीचा कांदा. मार्नीच्या नावाने. दर वर्षी याच सुमाराला जाते."

तेव्हा मार्नीच्या आणि माझ्या, दोघांच्याही डोक्यात उजेड पडला. अर्लीनबाईंनी कधीतरी सांगून ठेवलं होतं, दर वर्षी मुलीला लिलीचा कांदा धाडा. दुकानदाराला काय ठाऊक, बाई गेल्या म्हणून? मार्नीने एक खोल श्वास घेतला.

"हो," ती म्हणाली. "मीच मागवला. माझ्या मुलीसाठी."

"नशीबवान आहे हो तुमची मुलगी."

फोन कधी बंद झाला, मार्नीला कळलं नाही. ती डबा पोटाशी धरून जमिनीवर बसली आणि रडली. दहा महिन्यांत ती एकदाही रडली नव्हती. रडणार कशी? आई मेलीच नव्हती ना! दर महिन्याला दुकानात जात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतः फोन लावला. नाव विचारल्यावर स्वच्छ सांगितलं, मार्नी डोब्रोस्की. मग म्हणाली, "खातेदार वारल्या आहेत." पलीकडच्या माणसाने दुःख व्यक्त केलं, हाच फोन नंबर ना म्हणून खात्री करून घेतली आणि खातं बंद केलं. आईचं शेवटचं बिल मार्नीने स्वतःच्या नावाने फेडलं. मग मला कोमट पाण्याने सोडवलं आणि कात्री घेतली. चार तुकडे. कुणाला जोडता येऊ नयेत म्हणून तीन तीन ठिकाणी टाकले. एक घरी, एक पेट्रोल पंपावर, एक चर्चच्या आवारात. चौथा टाकवेना. त्यावर आईचं नाव होतं. तो पर्सच्या नाण्यांच्या कप्प्यात राहिला, आणि म्हणूनच पुढचं मी पाहिलं.

फेब्रुवारीत ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवसांचे उपास सुरू व्हायच्या आधीचा मंगळवार होता. पतपेढीत सगळ्यांच्या हाताला पोंचकी नावाच्या तळलेल्या पोलिश गोड पावांची साखर लागलेली. मार्नी दोन वर्षं पुरी करून आली होती. आकडा थोडा घसरला असेल, पण सहाशे वीस गाठेल, अशी तिला आशा होती. जेरिलिनबाईंनी हात पुसून तिची माहिती यंत्रात भरली. पडद्याकडे पाहिलं. मग मार्नीकडे पाहिलं. पुन्हा पडद्याकडे.

"मार्नी," त्या हलकेच म्हणाल्या, "इथे तू वारलीस असं लिहिलंय."

मार्नी हसली. जेरिलिनबाई हसल्या नाहीत.

"नोव्हेंबरमध्ये. आकडाच नाही तुला. मेलेल्या माणसाला नसतो."

हळूहळू उलगडा झाला. माझ्या खात्यावर दोन नावं होती. फोन मार्नीचा, ईमेल मार्नीचा, पत्ता एकच. बँकेच्या यंत्राने त्यातली भलतीच बाई मेली असं धरलं आणि पत मोजणाऱ्या तिन्ही कंपन्यांना कळवून टाकलं. दहा महिने जी मेलेल्या बाईच्या नावाने बोलत होती, तिलाच त्यांनी मेलेली ठरवलं. एकदा तरी तिने स्वतःचा नंबर तिथून काढला असता! पण तो तिनेच घातला होता.

"मी तुमच्यासमोर बसलेय," मार्नी म्हणाली.

"मला दिसतेयस बाई. त्यांना कुठे दिसतेयस?"

घरी आल्यावर तिने मला पर्समधून काढलं. लिलीचा कांदा तिने नोव्हेंबरातच कुंडीत लावला होता आणि त्याला हिरवा दांडा फुटला होता. त्याच्याशेजारी तिने मला मातीत खोचलं. मग टेबलाशी बसून कागदावर लिहिलं, मोठ्याने म्हणत म्हणत लिहिलं : "मी, मार्नी डोब्रोस्की, जिवंत आहे." अशी तिने पत्रं पाठवली. सोबत ओळखपत्र जोडलं, आईच्या मृत्यूचा दाखला जोडला. झिगीकाकाने दोन आठवडे जास्त दिले. मग तोही थकला. मार्चच्या मध्यावर घर एका दंतवैद्याला विकलं गेलं.

एप्रिलच्या शेवटी मार्नी पुन्हा जिवंत झाली. जेरिलिनबाईंनी फोन करून आकडा सांगितला. सहाशे चोवीस. त्यात माझं काहीच नव्हतं. ते सगळं त्या तीनशे डॉलरच्या पोराचं आणि तिचं. मला टेकायची तिला गरजच उरली नव्हती. खरं बोलली असती जानेवारीतच, तर ती आज त्याच घरात असती. हे तिला कळलं तेव्हा तिने सिंकमधली एकुलती एक बशी दोनदा धुतली.

आता आम्ही नदीपलीकडे एका लॉन्ड्रीच्या माथ्यावर भाड्याने राहतो. मित्रांनो, बिलं वेळेवर भरा, मुभा मिळाली म्हणून सगळी वापरू नका, हे तुम्हाला कुणीही सांगेल. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्यासाठी कुणी आपलं नाव पुढे केलं तर त्या नावाचा आधार घ्या, जपून घ्या. पण ते माणूस गेलं की त्याला जाऊ द्या. त्याच्या आत शिरून राहू नका. तिथे फार थंडी असते, मी राहिलोय.

गेल्या नोव्हेंबरात मिशिगनहून खोकं आलं नाही. माझ्याबरोबर तेही बंद झालं होतं. मार्नीने चार दिवस वाट पाहिली, मग स्वतःच्या कार्डावर स्वतःच एक कांदा मागवला. तासाभराने फोन वाजला. त्या छोट्या कार्डाची बँक. ही खरेदी आपणच केली का?

"हो," ती म्हणाली. "मी मार्नी बोलतेय."

आवाज मात्र हुबेहूब अर्लीनबाईंचा होता.