तांबड्या दिव्यांपाशी दादा

माघातल्या संध्याकाळी गव्हाच्या ओलसर वासातून गारवा जमिनीवर उतरू लागला, की धावपट्टीकाठचा तांबडा प्रकाश दादाच्या पांढऱ्या मिशांवर चढत जाई. जणू मावळलेल्या दिवसाचा निखारा त्याने ओठांवर जपून ठेवला आहे.

दादा माझा थोरला भाऊ. माळव्यातल्या आमच्या शहरात देवास गेटजवळचं विजेच्या सामानाचं दुकान आम्ही दोघांनी शून्यातून उभं केलं. बोलणी माझी, हात त्याचे. गिऱ्हाइकाच्या चपलांवरून ऐपत ओळखणारा मी, आणि तारेला बोट लावण्याआधी तिच्याशी काहीतरी पुटपुटणारा तो. सरकारी परवान्यांचे दोर सैल झाले, नव्या पैशाला पंख फुटले, तेव्हा शहराबाहेरच्या ओसाड धावपट्टीवर एक खासगी कंपनी विमान चालवायला शिकवू लागली. तिथल्या दिव्यांचं काम मी भांडून मिळवलं. गावाची पायवाट धावपट्टी ओलांडून जायची. दादाने तिच्या तोंडाशी जमिनीलगत तांबड्या दिव्यांची ओळ रोवली आणि जोडणी अशी केली, की धावपट्टीचे पांढरे दिवे तेवत असेपर्यंत तांबडे कुणालाच विझवता येऊ नयेत. तांबडं दिसलं, की थांबायचं.

पण माळव्यात जमिनीतून उगवलेलं तांबडं म्हणजे देवाचं ठाणं. माणसं थांबत, वहाणा काढत, दिव्याला शेंदूर लावत, आणि नमस्कार पोचला अशा समाधानाने सरळ पलीकडे चालू लागत. म्हणून दादा स्वतःच दिव्यांपाशी बसून त्यांना अडवू लागला.

"हाथ जोड़ी लिया दादा, अब तो जावा दो!" एक म्हातारी रोज कुरकुरे.

"माई, ये देवता हाथ जोड़ने से नहीं मानता. बैठो."

ती बसे. तो उपरण्याच्या टोकाने काचेवरचा शेंदूर पुसत राही. आधी दोन-चार संध्याकाळी, मग रोजच. आणि हळूहळू दुकानातली त्याची खुर्ची रिकामी झाली.

मी स्कूटर काढून भांडायला जाई. "दुकान कोण सांभाळणार? महाकाल?"

"तू आहेस ना. तुझ्या जिभेपुढे महाकालही भाव उतरवेल."

म्हातारी खुदकन हसे. माझं डोकं भडके. पहारेकरी ठेवू, म्हटलं. "तो ओरडेल," दादा म्हणाला, "आणि ओरडणाऱ्याचं कोण ऐकतं रे?"

शेवटी मी निर्वाणीचं बोललो. "आत्ता स्कूटरवर मागे बस, नाहीतर मी पुन्हा येणार नाही." आभाळात विमानाची घरघर उमटली होती. एक म्हैस ओळीकडे निघाली, आणि तो दोन्ही हात पसरून तिच्यापुढे उभा राहिला. माझ्याकडे वळला नाही. मी स्कूटर सुरू केली. मुद्दाम हळू नेली.

शब्द फिरवणं माझ्या धंद्यात नाही. मी गेलो नाही. तो तिथल्याच खोलीत राहू लागला आणि एका पावसाळ्यात तिथूनच गेला.

काळ गेलेल्या माणसाचा चेहरा पुसतो, आवाजही नेतो. जे त्याने कधी उच्चारलंच नाही, ते मात्र काळाच्याही हाती लागत नाही. साऱ्या गावाला अडवणाऱ्या माझ्या भावाने मला एकदाही 'थांब' म्हटलं नाही, आणि दिवेलागणीला दुकानात एकटा असलो, की तेवढंच मला ऐकू येतं.