लाल बटणावरचा हात

त्याला घरी आणि कामावर सगळेच चुळबुळ्या म्हणत. नाव ठेवलं होतं थोरल्या बहिणीने, आणि उगाच नव्हतं ठेवलं. दोघंही एकाच चाचणी-खोलीत कामाला. ताई केसासारख्या पातळ पत्र्याची बेअरिंगं घडवायची, आणि हा ती यंत्रावर चढवून, तेल सोडून, त्यांत शाफ्ट, म्हणजे यंत्राचा दांडा, फिरवून बघायचा. काचेपलीकडे शाफ्ट, अलीकडे हा, आणि याचा हात कायम यंत्र थांबवायच्या लाल बटणावर. जरा खरखर झाली की दाबलंच.

आज शेवटचं बेअरिंग होतं. आधीची दोन उघडली तेव्हा पत्र्यावरचा लेप पार खरवडून निघाला होता. हेही गेलं तर ताईचं काम बंद, असं साहेबांनी तोंडावर सांगितलं होतं. कालपासून ताई धड जेवली नव्हती आणि हा धड बसला नव्हता.

शाफ्ट फिरू लागला. लगेच खरखर. याच्या बोटाने बटण दाबलंसुद्धा. वेग उतरला, तशी थांबता थांबता पुन्हा तीच खरखर.

तो ऐकतच राहिला. सावकाश फिरताना शाफ्ट पत्र्यावर घासणारच. वेग आला की तेल त्याला अलगद उचलून धरतं. हे काय त्याला माहीत नव्हतं? तोंडपाठ होतं! पण भीतीपुढे शहाणपण टिकेल तर ना. दरवेळी घाबरून थांबवायचं, पुन्हा सुरू करायचं, आणि दरवेळी लेप थोडा आणखी घासायचा.

मागे ताईशेजारी उभे असलेले साहेब म्हणाले, झालं, उघडा आता. ताईने मान खाली घातली.

"उघडू नका," तो म्हणाला. "बेअरिंग चांगलं आहे. आधीची दोन मी घालवली. सारखं बटण दाबून."

त्याने ताईला बटणासमोरच्या आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः दोन्ही हात काखेत कोंबून भिंतीशी उभा राहिला. ताईने यंत्र चालू केलं. खरखर सुरू झाली, वाढत गेली. याचे पाय ठरेनात. ताईचे हात बटणापासून दूर, मांडीवर होते. मग खरखर बारीक झाली, विरली, नुसती गुणगुण उरली. घर्षणाचा काटा झपकन खाली आला. साहेब पुढे होऊन काटा बघत राहिले.

ताईने मागे वळून पाहिलं नाही.

"ती दोन गेली तेव्हा दोन्ही वेळा मी रडत होते," ती म्हणाली, "आणि तू माझी समजूत काढत होतास."

 याला हात काखेतून काढायचाही धीर होईना.