राजाला ओळ कोण सांगणार?

खेळ अर्ध्यावर यायच्या आतच झेलिंडाचा आवाज गेला. मंगळवारी शहरातले डॉक्टर तिचं स्वरयंत्र काढणार होते. त्याआधी रविवारचा माज्जो, म्हणजे इटलीतल्या या डोंगरगावचा गाऊन करायचा खेळ, तेवढा निभावून जाऊ दे, एवढंच तिनं देवाकडे मागितलं होतं. तेवढंही मिळालं नाही.

चेस्टनटच्या झाडांखाली, दोरीच्या रिंगणात, राजा झालेला आर्मीदो काळ्या मखमलीत घामाघूम उभा होता. पोटच्या मुलाला देहदंड सुनावायचा होता. व्हायोलिन वाजून थांबलं आणि तो ओळीची वाट बघू लागला. माज्जोत ओळ सांगणारी पडद्याआड लपत नाही. वही घेऊन सगळ्यांदेखत नटांच्या मागून फिरते, ओळ कानात घालते आणि नट ती गातो. झेलिंडानं हे इतकी वर्षं इतकं चोख केलं, की या लोकांनी पाठांतर म्हणून कधी केलंच नाही. लाडावून ठेवलं होतं तिनं सगळ्यांना, आणि त्याचा तोरा केवढा! शेजारच्या खोऱ्यातला माज्जो बंद पडला तेव्हा म्हणाली होती, "त्यांच्याकडे मी नाही ना!"

आता तिच्या तोंडून नुसती हवा येत होती.

"बोल की गं," आर्मीदो पुटपुटला. "झोपलीस का?"

बाकांवरची म्हातारीकोतारी चुळबुळायला लागली. आज खेळ मोडला, तर पुढच्या उन्हाळ्यात ही मखमल कुणीही पेटीतून काढणार नव्हतं.

झेलिंडानं दोरीपाशी उभ्या असलेल्या व्हियोरिकाला आत ओढलं आणि वही तिच्या हातात कोंबली. व्हियोरिका रुमानियाची, झेलिंडाच्या अंथरुणाला खिळलेल्या सासूला सांभाळणारी. हिवाळाभर स्वयंपाकघरातल्या तालमी ऐकून तिला अख्खा खेळ येत होता. पण आर्मीदोनं तेव्हाच बजावलं होतं, "बाहेरच्या बाईकडून मी ओळ घेणार नाही. राजा आहे मी!"

"माझ्या हातचं सूप दोनदा मागून घेता," व्हियोरिका म्हणाली होती, "तेव्हा राजा कुठे जातो?" सगळे हसले होते. आर्मीदो सोडून.

आता व्हियोरिकानं त्याच्या खांद्यामागून ओळ सांगितली. तो गप्प. व्हायोलिन पुन्हा वाजलं. गप्पच. त्याची नजर झेलिंडावर रोखलेली होती. आपण इथे उभ्या आहोत तोवर हा हट्टी माणूस दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही, हे तिला कळून चुकलं.

खेळ चालू असताना सांगणारीनं रिंगण सोडायचं नसतं. नवरा गेला त्या वर्षीही तिनं सोडलं नव्हतं. ती वळली, दोरीखालून वाकून बाहेर आली आणि पहिल्या बाकावर जाऊन बसली. आजूबाजूच्या बायकांनी मुकाट्यानं सरकून जागा दिली. तिला त्या सरकण्याचा भयंकर राग आला.

आर्मीदोचा चेहरा पडला. आई बाजारात हरवल्यासारखा तो बाकांकडे बघत राहिला. व्हायोलिन तिसऱ्यांदा वाजलं. व्हियोरिका पुढे झुकली, तिचे ओठ हलले. आर्मीदो ढिम्म. झेलिंडानं डोळे मिटून घेतले. संपलं सगळं, आणि आपल्याच हातानं संपलं.

"अगं ए, त्या बाजूनं काय सांगतेस?" आर्मीदो सगळ्या रिंगणाला ऐकू जाईल एवढ्यानं खेकसला. "डावा कान गेलाय माझा. उजवीकडून सांग!"