मनिरामच्या जागी

मनिराम खाटेवर मांडी घालून बसला आणि दचकलाच. घाईघाईने त्याने डावा पाय पुढे लांब केला, गुडघ्यावर हात ठेवला. बारा वर्षं सांभाळलेलं दुखणं असं ऐनवेळी विसरून चालत नाही.

"पाय दुखूनच राहिला काय अजून?" रुख्माबाईने चहाची कपबशी पुढे केली.

"थोडासाक, मावशी."

साफ खोटं. गुडघा नव्याण्णवच्या मे महिन्यातच धडधाकट झाला होता. पलटणीच्या फुटबॉल संघाचा हा पहिल्या फळीतला खेळाडू. सरावात पाय मुरगळला, आठ दिवसांत बराही झाला. पण तेवढ्यात कारगिलला वर जाणाऱ्यांच्या यादीत नाव लागलं, आणि मनिराम डॉक्टरांसमोर असा काही लंगडला, की नाव कटलं. त्याच्या जागी रुख्माबाईचा चुन्नीलाल गेला. संघातला कायमचा बदली खेळाडू. हौस दांडगी, पण बाकड्यावरून उठायची पाळी कधी आलीच नाही. तो डोंगरावरून परतला नाही. मनिराम मात्र पेन्शन घेऊन आपल्या गावी, मुर्रीला आला, आणि लोक त्याच्या लंगडण्याकडे आदराने बघू लागले. त्या आदराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

उद्यापासून इथे सौंदडला चुन्नीलालच्या नावाचे सामने सुरू होणार होते. आणि प्रमुख पाहुणा कोण, तर मनिराम! त्याआधी या बाईसमोर सगळं ओकून टाकायचं, मग तिने चपलेने मारलं तरी चालेल, असं ठरवून तो आला होता.

"मावशी, एक सांगाचं होतं. चुन्नी वर गेला ना, तो..."

"थांब. पहिले मले सांग." ती आत गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपलेलं पत्र घेऊन आली. "त्याचं शेवटचं. पोस्टमननं वाचून दाखवलं होतं, तवापासून पाठ हाय. वाच."

दोनच ओळी होत्या. आई, मनिरामच्या जागी माझं नाव लागलं. आता निघतो.

"गावभर बुंदी वाटली मी, बाबू! म्हटलं, येवढ्या वर्षानं पोरगा मैदानात उतरला." ती खाटेजवळ खाली बसली. "लढाईचं साहेबानं सांगतलं मले. पण ह्या मॅचचं कोणीच नाई सांगत. कसा खेळला तो?"

मनिराम पत्रावरच्या तारखेकडे बघत राहिला. सात जून. त्या दिवशी कुठलाच सामना नव्हता. त्या दिवशी ट्रक निघाले होते.

त्याने कपबशी खाली ठेवली. खरं सांगायचं म्हणजे, पोरगा तर गेलाच होता, आता हा सामनाही तिच्याकडून काढून घ्यायचा. त्याची जीभ रेटेना.

"चांगला खेळला."

"गोल?"

"मारला ना. एक."

"कसा?"

मनिरामने आपलाच एक गोल तिला सांगितला. कोपऱ्यातून आलेला चेंडू, छातीवर झेललेला, जमिनीला टेकायच्या आत जाळ्यात. बाईने तो दोनदा सांगायला लावला. दुसऱ्या वेळी ती पदराने डोळे पुसत हसत होती.

"अन् तू? तू कोठी होता तवा?"

"मी बाहेर बसून होतो, मावशी," तो म्हणाला. "पुरा वेळ."